काचेमागची खुर्ची

“काच काचेसारी दिसली म्हणजे झाला,” जयवंतशेट म्हणाला आणि माझ्या टेबलावरच्या पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे जाड पारदर्शक प्लास्टिकच्या, तुकड्यावर त्याने अंगठ्याचं नख ओढलं. “बघ, चरो पडलो. आणि ह्याचे तू दुप्पट सांगतंस?”

चरा पडला होता खरा. मी खोटं कशाला बोलू? “चरे पडतत, शेट. चार-पाच वर्सांत पिवळीपण पडात. पण फुटूची नाय. हातोडो मारून बघा.”

“माका हातोडे मारूचे नाय, मासे मारूचे असत,” असं म्हणून तो स्वतःच्याच विनोदावर खदाखदा हसला.

तेव्हा बाजारपेठेत माझं छोटंसं दुकान होतं. गाड्यांच्या नंबरप्लेटा, दुकानांचे बोर्ड, देवळातल्या देणगीदारांच्या पाट्या, जे जे म्हणून प्लास्टिकच्या शीटमधून कापता येतं ते सगळं मी करायचे. बोटींच्या खिडक्या हा त्यातलाच नवा उद्योग. जयवंत मालंडकर आमच्या माडबंदरातला तीन ट्रॉलरांचा मालक, शिवाय बंदर कमिटीचा अध्यक्ष. नऊ वर्षांत आमच्या घराच्या वाटेला न फिरकलेला हा माणूस माझ्या दुकानात खुर्ची ओढून असा ऐसपैस बसला होता, की बघणाऱ्याला वाटावं माझा सख्खा मामाच.

अडचण त्याची होती, म्हणून आला होता. मासेमारीची बंदी उठायला आठ दिवस राहिले होते आणि त्याच्या ‘सातेरीकृपा’चा तांडेल मोतीराम तारी हटून बसला होता. तांडेल म्हणजे बोट चालवणारा, समुद्रात गेल्यावर सगळ्यांचे जीव ज्याच्या हातात असतात तो. मोतीरामने साफ सांगितलं होतं, केबिनीच्या खिडक्या बदला, नाहीतर दुसरा तांडेल बघा. ऐन हंगामाच्या तोंडावर दुसरा तांडेल मिळतो कुठे?

मी त्याच्यासमोर तुकडे मांडले. टफन्ड काच सगळ्यात चांगली, पण सगळ्यात महाग, वरून मापं देऊन कोल्हापुरातून करून आणायची. ॲक्रिलिक स्वस्त आणि दिसायला झुळझुळीत, पण ते बोटीला देताना माझा हात अडायचा. आदल्या वर्षी एका होडीला दिलं आणि पस्तावले होते. नारळी पुनवेच्या आधी आमच्याकडे झाडून सगळे आपापल्या बोटी रंगवतात. रंगाचे शिंतोडे खिडकीवर उडतात आणि ते पुसायला माणसाचा हात थिनरच्या डब्याकडेच जातो. साध्या काचेला थिनरने काही होत नाही. ॲक्रिलिकवर मात्र केसासारख्या बारीक भेगा पडतात. त्या होडीच्या खिडक्या पूजेच्या सकाळी धुक्यासारख्या पांढऱ्या झाल्या होत्या आणि मालकाने माझा उद्धार केला होता. पॉलिकार्बोनेटलाही थिनर चालत नाही, तरी मी तेच सुचवत होते. मधलं, परवडणारं आणि न फुटणारं.

“आणि साधी काच काय वाईट असा?” शेट म्हणाला. “जरा जाड घेऊया. नऊ वर्सां त्याच काचांवर बोट चालली.”

“समोरची सोडून,” मी म्हणाले.

त्याने माझ्याकडे बघितलं. जरासुद्धा चपापला नाही हो तो! उलट आवाज मऊ केला. “ती काय काचेची चूक, कुंदा? तुझ्या बापाशीन त्या दिवशी थोडी घेतली होती. माणूस असा, होता कधी कधी. मी मनात धरूक नाय. म्हणून तर तुझ्याकडे इलंय.”

माझ्या अंगाची लाही लाही झाली. समोर कटर पडला होता. मी दोन्ही हात टेबलाखाली घेतले.

माझे वडील, भिकाजी कोयंडे. अख्खं बंदर त्यांना भिकू तांडेल म्हणायचं. ‘सातेरीकृपा’ तेच चालवायचे. नऊ वर्षांपूर्वी त्या बोटीची समोरची काच तडकली, तेव्हा जयवंतशेटने आपल्या घरातलं जुनं शोकेस मोडून त्याची काच कापून तिथे बसवली. कपाटातल्या कपबशांपुढे लावायची काच ती! बाबांनी दोनदा सांगितलं, ही टिकायची नाही. “पुढच्या खेपेक बदलूया,” शेट म्हणाला. पुढची खेप कसली येते? परत येताना खाडीच्या तोंडाशी लाट आली ती सरळ काचेवर, आणि काच बाबांच्या चेहऱ्यात. एक डोळा तिथेच गेला. दुसऱ्याने उजेड आणि माणसांचे आकार तेवढे दिसायचे. तशा अवस्थेत त्यांनी सहा माणसं आणि बोट बंदराला आणली.

बरं, एवढ्यावर थांबावं ना माणसाने? शेटने देवळासमोरच्या बैठकीत सांगितलं, काच उत्तम होती, भिकू प्यायलेला होता, त्याने बोट लाटेवर घातली. ज्याने उभ्या आयुष्यात थेंब घेतला नाही, तो माझा बाप दारुडा ठरला. कमिटीचा अध्यक्ष सांगतो म्हटल्यावर खोटं कोण म्हणणार? बोटीवरचे सहाच्या सहा जण शेटचं मीठ खाणारे, तेही माना खाली घालून बसले. बाबा उठून घरी आले ते परत बंदरावर गेले नाहीत. डोळा गेल्यावर ते रडले नव्हते. त्या बैठकीनंतर रडले. मी ते बघितलं, आणि एकच गोष्ट मनाशी धरून ठेवली. ज्या तोंडाने हा माणूस खोटं बोलला, त्याच तोंडाने, चारचौघांत, त्याच बंदरावर त्याने खरं बोलायला हवं. मला दुसरं काही नको होतं, निदान तसं मी समजत होते.

आता तो आपल्या पायांनी चालत आला होता.

पहिल्यांदा वाईट विचारच आला, लपवू कशाला? द्यावं ॲक्रिलिक आणि थिनरचं नाव काढू नये. होऊ देत खिडक्या आंधळ्या. पण त्या खिडकीमागे उभा राहणार मोतीराम, शेट नव्हे. मालक काचेमागे कधी उभा राहतच नाही, तिथेच तर सगळी मेख होती. आणि हे डोक्यात आलं तसं मला हसूच आलं.

“शेट,” मी म्हणाले, “तुमी म्हणतास साधी चांगली, मी म्हणतंय ही चांगली. बंदराच्या रीतीन बघूया. रविवारी तुकडे घेऊन धक्क्यार येतंय. मोतीराम समोर असू दे. तेका पटला की झाला.”

आमच्या बंदराची रीत अशी, की जो एखादी वस्तू चांगली म्हणतो, त्याने आधी तिच्यावर आपला जीव सोपवून दाखवायचा. नवा दोर विकायला व्यापारी आला, की बर्फाच्या कारखान्यासमोरच्या लोखंडी तुळईला दोर बांधायचा आणि व्यापाऱ्याने त्याला लटकायचं, खाली चिखल. दोर चांगला तर सौदा, नाहीतर आंघोळ. महिन्यापूर्वीच जयवंतशेटने एका गलेलठ्ठ व्यापाऱ्याला असं लटकावलं होतं आणि तो चिखलात आपटल्यावर पोट धरधरून हसला होता.

“म्हणजे काचेमागे तू बसतलंस?” त्याने डोळे बारीक केले.

“मी चांगली म्हणतंय त्याच्यामागे मी बसतलंय.”

“अगो, वाघीणच तू!” असं म्हणून तो खूश होऊन गेला. फुकटात तमाशा आणि मोतीरामचं तोंड बंद, असा त्याचा हिशोब. आपणही काहीतरी चांगलं म्हटलंय, हे त्याच्या टाळक्यात शिरलंच नाही. मी विकणारी आणि तो घेणारा, म्हणजे बसायचं ते मीच, असं त्याने धरून टाकलं.

घरी बाबांना सांगितलं. ते पडवीत बसून हाताच्या अंदाजाने जाळं विणत होते. त्यांची बोटं थांबली.

“कित्याक जातंस तेच्या वाटेक?” ते म्हणाले. “नऊ वर्सां झाली. माका आता काय नको.”

“माका व्हया,” मी म्हणाले.

“तुका काय व्हया, बाय?”

“तेच्या तोंडातून खरा.”

बाबांनी हातातली गाठ चाचपली. मग म्हणाले, “मी काय येऊचंय नाय थंय.” आणि पुन्हा विणायला लागले.

रविवारी सकाळी धक्क्यावर जत्रा! बंदी असल्याने सगळे रिकामे, आणि बाई काचेमागे बसणार ही बातमी गावभर झालेली. मी खिडकीच्या मापाची लाकडी चौकट करून घेतली होती, वरून शीट सरकवता येईल अशी. मागे एक लाकडी खुर्ची. मासे तोलायचं दोन किलोचं लोखंडी वजन मोतीरामच्या हातात दिलं आणि त्याला सात पावलांवर उभं केलं.

आधी पॉलिकार्बोनेट. “ही चांगली कोण म्हणता?” मी विचारलं आणि मीच उत्तर दिलं, “मी म्हणतंय.” जाऊन खुर्चीत बसले. मोतीराम वजन नुसतं हातात घेऊन उभा. मी ओरडले, “मार रे! लाट काय विचारून येता?” त्याने मारलं. धाडकन आवाज झाला, शीट आत दबली, परत बाहेर आली आणि वजन टण्णकन उडून त्याच्याच पायाशी पडलं. मी पापणी हलू दिली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मग ॲक्रिलिक. “ही चांगली मी म्हणूचंय नाय,” मी सांगितलं. मागे कोणी बसलं नाही. वजन लागलं आणि तिचे तीन मोठे तुकडे झाले. लोक हळहळले. मोतीरामने माझ्याकडे बघून मान डोलावली.

मग मी शेटने आणायला लावलेली साधी काच चौकटीत सरकवली. जाड होती, स्वच्छ पुसलेली, त्या तिघींत सगळ्यात देखणी.

“ही चांगली कोण म्हणता?” मी विचारलं.

मी थांबले. चांगली तीन-चारदा श्वास घेण्याएवढी थांबले.

“शेट म्हणतत,” मी म्हणाले. “माझ्या दुकानात बसून म्हणाले. नऊ वर्सांआधी देवळासमोर म्हणाले, काच उत्तम होती. सगळ्यांनी ऐकलेला असा. होय ना, शेट?”

आता कुठे त्याच्या ध्यानात आलं. चेहरा बघण्यासारखा झाला होता. तो हसला, इकडे तिकडे बघितलं, पण कोणी साथ दिली नाही. गर्दीतून एक म्हातारा म्हणाला, “दोरवाल्याक लटकवलास, आता बस.” ज्या माणसाने सगळ्या गावाच्या नावाने रीत चालवली, त्याला त्या रीतीतून सुटता येईना. तोऱ्यात चालत गेला आणि खुर्चीत बसला.

मोतीरामने वजन खाली ठेवलं. “मालकार मी कसो मारू?”

“बरोबर,” मी म्हणाले. “ता वजन हयसर दे.”

वजन माझ्या हातात आलं. लोखंड उघडिपीच्या उन्हाने तापलेलं होतं. सात पावलांवर, काचेपलीकडे, जयवंतशेट बसलेला. नऊ वर्षं मी हा चेहरा लग्नकार्यात, बाजारात, देवळात बघत आले होते आणि मान वळवत आले होते. आता तो माझ्यासमोर नीट चौकटीत बसवून दिल्यासारखा होता. मी हात वर उचलला.

त्याने डोळे मिटले.

“डोळे उघडा, शेट,” मी म्हणाले. “तांडेलाक डोळे मिटून चालणा नाय.”

त्याने उघडले. मी हात मागे नेला. पुन्हा मिटले. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं.

“काच चांगली असा ना?”

“असा.”

“मग डोळे कित्याक मिटतास? माझ्या बापाशीचे उघडे होते.”

शेटच्या कपाळावरून घाम ओघळून नाकावर आला होता आणि तो पुसायचं त्याला भान नव्हतं. त्याने पुन्हा डोळे उघडले, माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी काय आहे ते त्याला दिसलं असणार.

“मारू नको,” तो म्हणाला. “फुटतली ती.”

“मोठ्यान बोला. मागे ऐकाक येणा नाय.”

“फुटतली! साधी काच पाण्याक टिकणा नाय.”

“ह्या कधी कळला?”

मी हात आणखी मागे घेतला.

“तेव्वाच म्हायत होता,” तो ओरडला. “भिकूनपण सांगलेला. माका म्हायत होता!”

“आणि माझो बापूस त्या दिवशी पियाललो होतो?”

खाली पाण्यात होड्या एकमेकींना घासत होत्या तेवढाच आवाज.

“नाय,” शेट म्हणाला. “भिकू पियाललो नव्हतो. मी खोटा बोललंय.”

झालं. नऊ वर्षं ज्याच्यासाठी दात खाल्ले, ते त्याच तोंडून, त्याच बंदरावर, सगळ्यांच्या कानांत पडलं. मग शेट उठला, खुर्ची उलटली, आणि मी वजन मारलं. काचेच्या ठिकऱ्या उडाल्या. तो होता तिथे, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून, हातभर लांबीची धारदार कपची आरपार जाऊन मागच्या पिंपावर फुटली. त्याच्या कानाला एक चरा गेला, बाकी काही नाही. बायकांनी तोंडाला पदर लावले. मोतीराम म्हणाला, “बगल्यात? तांडेल ह्याच्यामागे उभो रवता!” लोक आजही ही गोष्ट अशीच सांगतात: शेट कबूल झाला, उठला, आणि मग भिकूच्या चेडवाने, म्हणजे त्याच्या मुलीने, काच फोडून दाखवली.

गर्दी फुटली तेव्हा मला बाबा दिसले. बर्फाच्या कारखान्याच्या पायरीवर, काठी गुडघ्यांत धरून बसलेले. येणार नाही म्हणाले होते, पण कधी येऊन बसले देव जाणे. लोक एकेक करून त्यांच्यापाशी जात होते. त्या बोटीवरच्या सहांतले जे चार अजून हयात होते, त्यांतले तिघे त्यांच्या पाया पडले. मोतीराम रडला. बाबा प्रत्येकाचा हात हातात घेऊन, “बरा, बरा,” एवढंच म्हणत होते. माझी छाती अशी भरून आली होती की मला वाटलं, मी आता इथे धक्क्यावरच नाचेन.

दोन दिवसांत मी ‘सातेरीकृपा’ला पॉलिकार्बोनेट बसवलं. काम चोख केलं, शीट उन्हात फुगते म्हणून भोकं मोठी ठेवली, स्क्रू आवळून बसवले नाहीत, थिनर लावू नये म्हणून मोतीरामला दहादा बजावलं. शेट समोर आला नाही. पुढच्या बैठकीत कमिटीने त्याला अध्यक्षपदावरून काढलं. मी जिंकले होते. आजही, एवढ्या वर्षांनी, तो माणूस त्या खुर्चीत घामाघूम बसलेला आठवला की मला बरं वाटतं. पश्चात्ताप म्हणाल तर त्याचा नाही.

पण त्या रविवारी संध्याकाळचं सांगायचं राहिलं. दिवेलागण झाली होती. दिवसभर येणारी जाणारी माणसं संपली आणि घरात आम्ही दोघंच उरलो. बाबांनी पेज जेवली, हात धुतला आणि पडवीत येऊन बसले. माझी वाट बघत असावेत.

“बाय, एक विचारू? खरा सांगशीत?”

“विचारा.”

“काच आधी वाजली काय खुर्ची?”

मला कळलं नाही असं मी दाखवलं. “म्हणजे?”

“माका दिसणा नाय, गो. मी आवाजार जगतंय. शेट खरा बोललो. मग काच फुटली. आणि मग खुर्ची पडली.” ते सावकाश, एकेक शब्द ठेवत बोलत होते. “तो उठूच्या आधीच तुझो हात सुटललो काय?”

तो उठतोय हे माझ्या हाताला ठाऊक नव्हतं. तो खरं बोलला होता, मला हवं ते सगळं देऊन चुकला होता, आणि तरीसुद्धा मी वजन सोडलं होतं, काचेपलीकडच्या दोन उघड्या डोळ्यांवर नेम धरून. तो वाचला तो नशिबाने, नेमका त्याच क्षणी उठला म्हणून. धक्क्यावर दोनशे माणसं होती, सगळ्यांना डोळे होते. पण हे फक्त बाबांना कळलं होतं.

“खुर्ची,” मी म्हणाले. “आधी खुर्ची पडली, बाबा. तुमका भास झालो.”

“हं,” ते म्हणाले.

त्यांच्या उरलेल्या डोळ्यात रोज जेवणानंतर औषध घालावं लागायचं. नऊ वर्षं ते मीच घालत आले होते. ते भिंतीला डोकं टेकून चेहरा वर करायचे, मी बोटांनी पापणी उघडायचे आणि दोन थेंब सोडायचे. मी बाटली घेऊन आले आणि त्यांच्या पापणीकडे हात नेला. त्यांनी माझं मनगट धरलं. घट्ट नाही, पण धरलं.

“दे हयसर,” ते म्हणाले. “माझा मी घालतंय.”

“तुमका जमूचा नाय.”

“जमात.”

पहिला थेंब कपाळावर पडला, दुसरा गालावर. तिसरा कुठेतरी डोळ्यात गेला असावा. मी पदराने गाल पुसायला वाकले, तर त्यांनी दचकून मान मागे घेतली आणि डोळा मिटला. त्यानंतर अकरा वर्षं बाबा जगले. रोजचं औषध त्यांनी आपल्या हाताने घातलं, आणि मी जवळ असले की आधी मला आत जायला सांगितलं.